दुसरं रीडिंग

माझ्या मुलीच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं ते सोसायटीतल्या घसरगुंडीवरून पडून. त्यात माझा काही दोष नव्हता. पण मोडलेलं मनगट घेऊन ती पाच वर्षांची पोर पुढे तीन दिवस हिंडली, चिमट्याने राजमा उचलत राहिली, मातीचा हत्ती करायला बसली, ते मात्र निव्वळ माझ्यामुळे. आज ती नऊ वर्षांची आहे. हात ठणठणीत आहे, कॅरममध्ये मला हरवते. हाडाचा प्रश्न चार आठवड्यांत मिटला. दुसरी एक गोष्ट मोडली होती, तिला जास्त वेळ लागला. ती जुळली की नाही याची मला परवापरवापर्यंत खात्री नव्हती.

आधी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल, कारण रोगाची सुरुवात तिथे आहे. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. रंग किती घट्ट आहे ते बघायला आमच्याकडे तळाला भोक असलेला एक कप असतो. भोकावर बोट धरून त्यात रंग भरायचा, बोट काढायचं, स्टॉपवॉच लावायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहायचं. मग कप पुसायचा आणि तेच सगळं पुन्हा करायचं. दोन्ही आकडे जुळले तरच सही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा एकाच रीडिंगवर माल पास केला आणि तो गिऱ्हाइकाकडून परत आला. तेव्हाचे आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिलं रीडिंग हे रीडिंगच नसतं. दुसरं घेतल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस." मी ते इतकं मनावर घेतलं, की घराचं कुलूपही दोनदा ओढून बघतो. बायकोला लग्नासाठीही दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा ती हो म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणाली, "आता विचार करावा लागेल."

मुलगी अडीच वर्षांची झाली तरी जवळजवळ बोलतच नव्हती. समोरच्या ब्लॉकमधला मुलगा तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, पण तो रामरक्षेच्या चार ओळी म्हणून दाखवायचा, आणि त्याची आई नेमका आमचा दरवाजा उघडा असतानाच त्याला म्हणायला लावायची. आमची बोट दाखवून "ऊं" म्हणायची. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, सगळं ठीक निघालं. खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या मावशी इथल्या मूळ गावातल्या. त्या म्हणाल्या, "बोलंल ती. तुमी दोघं गप रावा जरा, तिला बोलाया जागा द्या." मला ते शास्त्रीय वाटलं नाही. गरोदरपणात मी बायकोशी भांडलो होतो, पहिलं वर्षभर कामावरून उशिरा येत होतो, बाळाला खेळवताना मोबाइल बघत होतो. सगळं मला आठवलं. पोरगी बोलत नाही ती माझ्यामुळे, हे मी ठरवून टाकलं. अशा गोष्टी मी चटकन ठरवतो. त्याला दुसरं रीडिंग लागत नाही.

मग मला ठाण्यातल्या बाळकुमच्या मॅडम सापडल्या. तिथल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये त्या दर महिन्याच्या एका रविवारी सजग पालकत्वाची कार्यशाळा घ्यायच्या. क्लबहाउसमध्ये एसीचा इतका गारवा असायचा, की आम्ही वीस-पंचवीस अपराधी पालक स्वेटर घालून अर्धवर्तुळात बसायचो. मॅडम आधी सांगायच्या, "प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढतं. तुलना करू नका." मग प्रत्येकाला चार पानांची यादी वाटायच्या, त्यात कितव्या महिन्यात मुलाला काय आलं पाहिजे ते छापलेलं असायचं. आम्ही तिथेच पेन काढून टिकमार्क करायचो आणि शेजारच्याच्या कागदावर नजर टाकायचो. एकदा एक आयटीतले गृहस्थ रडले. त्यांच्या मुलाला एका पायावर उभं राहता येत होतं, पण त्यांनी ते त्याला लहानपणी घाईने शिकवलं होतं आणि त्यामुळे त्याची रांगण्याची पायरी अपुरी राहिली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्याकडे सांगायला तेवढं मोठं पाप नव्हतं.

मॅडमचं एक वाक्य मी घरी फ्रिजवर चिकटवलं: सांगू नका, विचारा. मुलाला उत्तर दिलं की त्याचं शिकणं थांबतं, प्रश्न विचारला की सुरू होतं. दरम्यान मुलगी तीन वर्षांची होता होता एका दुपारी मावशींकडे अचानक बोलायला लागली. पहिलं पूर्ण वाक्य होतं, "मावशी, भात जास्त झाला." मी ते ऐकलं नाही, मी कामावर होतो. मावशी हसून म्हणाल्या, "तोंड उघारलं आनि पयली तक्रारच केली." मी ठरवलं, आता हिचं एकही वाक्य वाया जाऊ द्यायचं नाही.

कारखान्यातून मी एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. रकाने छापलेलेच होते: दिनांक, नमुना, पहिलं रीडिंग, दुसरं रीडिंग, शेरा, तपासणाऱ्याची सही. बायकोने ते उघडून पाहिलं. आम्ही घरात अरे-तुरे करतो, चारचौघांत ती मला अहो म्हणते. घरात अहो म्हणाली की समजायचं.

"अहो, नमुना म्हणजे कोण?"

"अगं, ते छापलेलंच आहे."

"आणि खाली सही कोणाची?"

"माझी."

"मग खरा नमुना खाली आहे," असं म्हणून ती आंघोळीला गेली.

रजिस्टर मात्र भरत गेलं. मुलांच्या वाढीवरच्या जाड पुस्तकांत मी वाचलं होतं, की लहान मुलाला दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी दाखवायचं, मग त्यातलं एक उंच, निमुळत्या भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? सहा-सात वर्षांच्या आधीचं मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवतं. पाणी तेवढंच राहतं हे कळणं ही वरची पायरी. माझी मुलगी पाच वर्षांची होती. ती ही पायरी लवकर चढली तर न बोललेल्या वर्षांची भरपाई होईल, असा माझा हिशेब होता. मी प्रयोगशाळेतून बीकर आणि मोजपात्र आणलं, कोकम सरबत केलं, तिला ओट्यावर बसवलं आणि सारख्या भरलेल्या दोन बीकरांतलं एक तिच्यासमोर उंच मोजपात्रात ओतलं.

"आता कशात जास्त आहे?"

तिने बघितलं आणि म्हणाली, "सेमच आहे. तू आत्ता ओतलंस ना."

पुस्तकं झक मारतात, अशी पोरगी. मी पहिल्या रकान्यात 'सारखं' असं लिहिलं. मग, अर्थातच, दुसरा रकाना रिकामा होता.

"नीट बघ हं. आता सांग, कशात जास्त आहे?"

तिने सरबताकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच बोट उंच भांड्याकडे नेलं. "ह्यात?"

मी लिहिलं: 'उत्तर अस्थिर. पायरी गाठलेली नाही.' खाली सही केली. सरबत तिला प्यायला दिलं, तेव्हा तिने ते बीकरमधून मागितलं नाही, पेल्यातून मागितलं.

आणखीही प्रयोग झाले. एक पेढा समोर ठेवून मी तिला सांगितलं, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दुसरा मिळेल. मी दाराआडून बघत होतो. तिने पेढा लगेच खाल्ला. मी शेऱ्यात 'संयम' लिहून पुढे फुली मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, दुसरा फ्रिजमध्ये आहे, मी बघितलाय. आणि तुला डायबिटीस आहे, म्हणजे तो माझाच." यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

आता त्या शुक्रवारकडे येतो. कल्याणला सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून बायको चार दिवस तिकडे गेली होती. संध्याकाळी मुलगी घसरगुंडीवरून पडली आणि रडत वर आली. हाताला खरचटलं होतं, मनगट किंचित सुजल्यासारखं वाटत होतं.

"कुठे लागलं? दुखतंय का?"

"हो. इथे."

मी तिचा हात हातात घेतला. जवळ बसलो. आवाज अगदी मऊ केला, जसा कार्यशाळेत शिकवला होता.

"खरंच दुखतंय का? नीट विचार करून सांग."

तिने रडणं थांबवलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

मला आनंद झाला. मॅडम म्हणाल्याच होत्या, मुलं पडल्यावर लक्ष वेधायला रडतात, त्यांना स्वतःच्या भावनेकडे बघायला शिकवा, रडणं आपोआप थांबतं. थांबलं की! मी आंबेहळदीचा लेप लावला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: 'स्वतःच्या वेदनेचं मूल्यमापन करता येऊ लागलं.'

शनिवारी आमचा बोटांच्या पकडीचा सराव असायचा. एका वाटीतला राजमा चिमट्याने दुसऱ्या वाटीत टाकायचा. एरवी ती वाटी संपवायची. त्या दिवशी तीन दाण्यांनंतर चिमटा पडला. मग डाव्या हाताने. 'उजव्या हाताची पकड घटली,' असं लिहून मी पालकांच्या ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात उत्तरं आली: ही तात्पुरती मागे जाण्याची पायरी असते, पुढची झेप घेण्यापूर्वी मूल एक पाऊल मागे जातं, अभिनंदन. एकाने केकचं चित्र टाकलं.

रविवारी बाळकुमची कार्यशाळा मुलांसह होती. स्कूटरवर ती पुढे उभी राहायची आणि आरशात माझ्याकडे बघत राहायची. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं अडकलं होतं. कंटेनरच्या मागे ब्रेक, पुन्हा ब्रेक. प्रत्येक ब्रेकला ती डाव्या हाताने हँडल धरायची आणि उजवा पोटाशी घ्यायची. मी ते बघत होतो. आज मला ते एवढं स्पष्ट दिसतं, की डोळे मिटावेसे वाटतात. पण तेव्हा मी विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." माझ्या डोक्यात आलं, आज दुसऱ्यांदा विचारायची गरज नाही, उत्तर समाधानकारक आहे.

क्लबहाउसमध्ये मातीकाम होतं. माझ्या मुलीने डाव्या हाताने हत्तीची सोंड केली. मॅडम तिच्याजवळ थांबल्या आणि मला म्हणाल्या, "उजवा की डावा हे या वयात पक्कं होत असतं. टोकू नका हं. तिला तिचा हात निवडू द्या."

पंचवीस पालक, एक तज्ज्ञ आणि एक मी, जो कुलूपसुद्धा दोनदा ओढतो. मोडलेला हात सगळ्यांनी कौतुकाने पाहिला.

सोमवारी सकाळी मी तिला पाळणाघरात सोडलं. अकरा वाजता कारखान्यात मावशींचा फोन.

"पोरीचा हात मोरलाय, या."

"मावशी, तिने स्वतः सांगितलं दुखत नाही म्हणून."

"तिला कशाला इचारता? तिचा हात बगा ना! भाताचा घास उचलवत नाय तिला. माज्याकरं जेवली डाव्यानं, रडत रडत. तुमी बाप हाय का मास्तर?"

हाडांच्या डॉक्टरांकडे मावशी बरोबर आल्या, मी न बोलावता. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी मनगटावर अलगद अंगठा ठेवला.

"इथे दुखतं बाळा?"

"हो."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "नक्की? परत सांग डॉक्टरकाकांना. इथे दुखतं?"

ती वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणाली, "नाही."

डॉक्टरांनी अंगठा काढला आणि आता तेही माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बसून मला आतलं ऐकू येत होतं. डॉक्टर विचारत होते, "आधी हो म्हणालीस, मग नाही का म्हणालीस गं?"

"बाबांनी परत विचारलं."

"मग?"

"परत विचारलं म्हणजे पहिलं चुकलेलं असतं."

एक्स-रे मी अजून ठेवलाय. मनगटाजवळ हाडाला एक बारीक घडी पडल्यासारखी दिसते, कागद दुमडावा तशी. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत असं होतं, सूज फारशी नसते, पालकांच्या लक्षात न येणं स्वाभाविक आहे. ते मला धीर देत होते. मावशी बाजूला उभ्या होत्या, त्यांनी धीर दिला नाही.

त्याच संध्याकाळी बायको कल्याणहून आली. तिने प्लास्टर पाहिलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि मग रजिस्टर मागितलं. शुक्रवार, शनिवार, रविवार वाचले. मला वाटलं, आता ती ओरडेल. ती म्हणाली, "अहो, ही बोलत नव्हती तेव्हा तुम्ही रात्रंदिवस देवाला काय सांगत होतात?"

"एकदा बोलू दे म्हणून."

"एकदा बोलली की ती. शुक्रवारी."

मग तिने सरबताचं पानही वाचलं. तिथेही पहिलं उत्तर बरोबर होतं आणि मी परत विचारल्यावर तिने ते बदललं, हे तोपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसलो, आणि मुलगी प्लास्टरवर चित्र काढायला स्केचपेन मागत होती.

अपराधी माणसाची एक अडचण असते, तो सुधारायलाही रजिस्टरच काढतो. मी नवं काढलं. त्यात मी दिवसातून कितीदा दुसऱ्यांदा विचारलं ते लिहायचो. मॅडमना सगळं लिहून कळवलं, माफीसारखं. त्यांचं उत्तर आलं, "फारच सुंदर निरीक्षण! पुढच्या सत्रात शेअर कराल?" मी गेलो आणि सगळं सांगितलं. रडलोही. टाळ्या पडल्या. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'एकदाच विचारा', आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. एका आईने हात वर केला, "मॅडम, एकदाच म्हणजे दिवसातून, की विषयाला?" आयटीतले गृहस्थ चहाच्या वेळी मला म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे एक्स-रे तरी आहे." त्यानंतर मी बाळकुमला गेलो नाही.

पण फळ्यावर लिहून मुलगी बदलत नाही. ती आईशी भांडायची, मावशींना उलट बोलायची, मित्रमैत्रिणींत तिचा आवाज सगळ्यांत मोठा. माझ्याकडे वळली की मात्र एक थांबा यायचा. पोळी हवी का, गणित आलं का, बाहेर जायचं का, काहीही विचारलं तरी आधी माझं तोंड वाचायची आणि मग त्यावर जे दिसेल ते उत्तर द्यायची. मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. बायको म्हणाली, "असा बसू नकोस रे, फोटोला हार घालायचा राहिलाय असं वाटतं." कोऱ्या चेहऱ्यावरही मुलगी काहीतरी वाचायचीच. सहाव्या वर्षी, सातव्या, आठव्या. मला शेवटी काय हवंय ते तिला माहीत असायचं, तिला काय हवंय ते मला कधीच कळायचं नाही.

गेल्या महिन्यात ती सायकलवरून पडली. गुडघा फुटला होता. लंगडत वर आली.

"दुखतंय का?"

थांबा. माझं तोंड. "हो."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला, चावी घेतली आणि एकाच रीडिंगवर तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला ओळखलं. आता तेही थोडे जाड झालेत. गुडघा वाकवून पाहिला, चालायला लावलं. "काही नाही झालेलं. साबणाने धुतलंत तरी चाललं असतं." मग मला बघून म्हणाले, "एक्स-रे काढू का, तुमच्या समाधानासाठी?" मी नको म्हणालो. मनात मात्र हो होतं.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. पुढे उभं राहण्याचं वय केव्हाच सरलं. हेल्मेट तिला जरा मोठं होतं, ते माझ्या पाठीला टकटक लागत होतं. सिग्नलला थांबलो.

"एवढं काय लगेच डॉक्टर?" ती मागून म्हणाली. "लाज आणलीस मला."

"तू म्हणालीस दुखतंय."

"दुखतंय म्हटलं, मरतेय असं नाही म्हटलं. परत विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना."

चार वर्षं ज्या एका गोष्टीपासून स्वतःला आवरलं, तीच हिने मागितली. सिग्नल सुटला.

"मग आता दुखतंय का?"

"थोडं."

आणि निघूनच गेलं तोंडातून. "थोडं? नक्की?"

मी तोंड मिटलं. आरशात पाहिलं तर तिचं अर्धं हेल्मेट दिसत होतं, डोळे दिसत नव्हते. म्हणजे तिलाही माझं तोंड दिसत नव्हतं. तिच्याकडे वाचायला माझी पाठच होती, आणि पाठीवर काही लिहिलेलं नसतं.

थांबा आला नाही.

"थोडं म्हणजे थोडं!" ती खेकसली. "एकदा सांगितलं ना बाबा, कळत नाही का तुला? समोर बघ, रिक्षा आहे."

खरोखरच रिक्षा होती. मी ब्रेक दाबला. हेल्मेट पुन्हा पाठीवर आपटलं.

घरी पोहोचल्यावर बायकोने ऐकलं तेव्हा तिला दटावलं, बाबांशी असं बोलतात का म्हणून. मी गुडघा धुवायला साबण आणि गरम पाणी आणलं. दोन्ही रीडिंग जुळली होती. मी ती कुठे लिहिली नाहीत.